मेंदूसमोर धरलेला आरसा

गेल्या रमजानच्या आधी आमच्या घरी एका पाटलीवरून बैठक बसली. पाटली धाकट्या भावजयीची, तिच्या माहेरची. ती विकायची आणि त्या पैशांतून मुंबईतल्या एका केंद्रात तिच्या मेंदूला 'ट्रेनिंग' द्यायचे, असा विषय होता. विषय पुतण्याने काढला होता, मोबाईलवर जाहिरात पाहून. गोळ्यांशिवाय नैराश्य घालवून देतो, असे त्या जाहिरातीचे म्हणणे होते. भाऊ कुवेतहून फोनवर होता. अम्मी हातात तसबीह घेऊन गप्प बसल्या होत्या. आणि जिची पाटली, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "विका. मला काहीही चालेल."

तिच्या त्या 'काहीही चालेल'पुढे कुणालाच काही बोलता आले नाही. पाटली विकली गेली.

या सदराकडे अलीकडे याच विषयाची पत्रे येत आहेत. मेंदूच्या लहरींचे प्रशिक्षण, ज्याला न्यूरोफीडबॅक म्हणतात, त्याने उदासी जाते का? गोळ्या सुटतात का? एवढा खर्च करावा का? एका भगिनीने तर विचारले आहे की, हे शरीअतीच्या विरुद्ध तर नाही ना. या सगळ्यांना उत्तर देण्याआधी आमच्याच घरात काय घडले ते सांगतो. भावजयीची परवानगी घेतली आहे. "नाव घालू नका, बाकी सगळं लिहा, कुणाला तरी उपयोग होईल," असे ती म्हणाली.

दुसऱ्या बाळंतपणानंतर ती बदलली. आधी आम्हाला तो थकवा वाटला. फजरला सगळ्यांच्या आधी उठणारी ती, उठेनाशी झाली. उठली तरी वुजू करून मुसल्ल्यावर नुसती बसून राहायची. भाकरी थापताना हात मध्येच थांबायचा. बाळ रडत असले तरी तिला ते दुरून ऐकू येत असावे, असा चेहरा. जेवण दोन घासांवर आले. झोप पहाटे तीनला मोडायची ती मोडायचीच. ती रडत नव्हती. रडली असती तर कदाचित आम्हाला लवकर कळले असते.

नातेवाइकांकडे निदाने तयार होती. कुणी म्हणाले नजर लागली. कुणी म्हणाले नवरा परदेशात, म्हणून मन लागत नाही. कुणी म्हणाले ईमान कमजोर झाले. एका खालांनी पाणी दम करून पाठवले, ते तिने प्यायले. दुआ करण्यात वावगे काहीच नाही, आम्हीही केली. पण आठ महिने त्यातच निघून गेले. शेवटी मोहल्ल्यातल्या मशिदीच्या इमामसाहेबांनीच अम्मींना विचारले, "तुम्ही शुगरची गोळी रोज घेता, तेव्हा ईमानाचा प्रश्न येत नाही. मग सुनेच्या आजारातच तो का येतो?" अम्मींकडे उत्तर नव्हते. पुढच्याच आठवड्यात तिला जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले.

इमामसाहेबांचे बोलणे आम्हाला नवे वाटले, पण ते हजार वर्षांहून जुने आहे. आजच्या अफगाणिस्तानात असलेल्या बल्ख भागातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांचा काळ सुमारे ८५० ते ९३४. 'मसालिह अल-अबदान वल-अनफुस' या ग्रंथात त्यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा एकत्र विचार केला. उदासीचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. एकीचे कारण माणसाला ठाऊक असते, म्हणजे कुणी गेले, काही गमावले. दुसरीचे कारण माणसाला सापडत नाही. तिचे मूळ शरीरात असते आणि तिला शरीराचाच उपचार लागतो, असे त्यांचे मत होते. त्यांची वैद्यकी त्या काळची होती, आजची नाही. पण उदासीला गुन्हा किंवा श्रद्धेची कमतरता न समजता त्यांनी आजार समजले, हे आपल्या घरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. थायरॉईड बिघडला किंवा रक्त कमी झाले तरी माणूस असाच मलूल होतो, म्हणून ही तपासणी गरजेची असते. तिचे अहवाल ठीक होते. त्यांनी डिप्रेशन असल्याचे सांगितले आणि गोळी सुरू केली. पाच-सहा आठवड्यांत फरक दिसू लागला. ती जेवू लागली, बाळाला न्हाऊ घालू लागली. पण सकाळी सुस्ती राहायची आणि वजन वाढू लागले. "मी आता जन्मभर गोळीवरच जगायचं का?" असे ती विचारायची. हा प्रश्न तिने डॉक्टरांना विचारायला हवा होता. तो ती आम्हाला विचारत राहिली, आणि आम्ही उत्तर जाहिरातीत शोधले.

आता त्या यंत्राविषयी.

तिची बहीण मुंब्र्याला राहते. भावजय दोन्ही मुलांना घेऊन तिच्याकडे गेली आणि आठवड्यातून तीन दिवस लोकलने केंद्रात जाऊ लागली. केसांना तेल न लावता या, असे तिथे सांगितले होते. एका खोलीत खुर्चीवर बसवायचे, डोक्यावर ठरावीक जागी थोडी पेस्ट लावून वाटाण्याएवढ्या पत्र्या चिकटवायच्या, कानाला एक चिमटा लावायचा. समोर पडदा. पडद्यावर समुद्रकिनाऱ्याचे चित्र. मेंदूच्या लहरी ठरवलेल्या मापात आल्या की चित्र उजळायचे, मापाबाहेर गेल्या की धूसर व्हायचे. अर्धा-पाऊण तास हेच.

अम्मींना 'शॉक' देतील अशी भीती होती. ती भीती खोटी होती. या पद्धतीत बाहेरून मेंदूत वीज सोडली जात नाही. मेंदूच्या पेशी काम करताना जी अगदी क्षीण वीज तयार होते, व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते इतकी क्षीण, ती या पत्र्या फक्त वाचतात. म्हणून आम्ही याला आरसा म्हणतो. आरसा नसताना भांग वाकडा पडला तरी आपल्याला कळत नाही. आरसा असला की हात आपोआप सरळ चालतो. मेंदू आत काय करतो आहे हे आपल्याला जाणवत नाही. ते पडद्यावर दाखवले तर माणूस हळूहळू ते बदलायला शिकेल, एवढीच या उपचारामागची कल्पना आहे. यात जादू नाही आणि संमोहनही नाही. आपल्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे, कारण ही एक तपासणी आणि एक सराव आहे. संकोच वाटत असेल तर पत्र्या लावायला महिला तंत्रज्ञ मागता येते. डोक्यावर जिथे पत्र्या लागतात तेवढीच जागा उघडी करावी लागते.

हा आरसा सापडला कसा, तीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मनीत हान्स बर्गर नावाचे डॉक्टर होते. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि थोडक्यात वाचले. त्याच दिवशी दूर असलेल्या त्यांच्या बहिणीला वाटले की भावावर काही संकट आले आहे, आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. बहिणीला हे कळले कसे, हा प्रश्न बर्गर यांच्या मनातून गेला नाही. एका मनातून दुसऱ्या मनाकडे काही जात असेल का, हे शोधण्यासाठी ते मेंदूकडे वळले. ते तर सापडले नाही. पण १९२४ मध्ये येना शहरात त्यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज फिट्सच्या रुग्णाचा जो ईईजी काढतात, त्याची सुरुवात ही. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला आठ ते तेरा वेळा हेलकावणारी लहर दिसते, तिला त्यांनी अल्फा नाव दिले. त्याहून जलद ती बीटा, संथ ती थीटा, आणि गाढ झोपेतली सर्वांत संथ ती डेल्टा.

या लहरी माणूस स्वतः बदलू शकतो, हे अमेरिकेत पुढे आले. शिकागोचे जो कामिया यांनी लोकांना आपल्या अल्फा लहरी ओळखायला शिकवले. कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी १९६० च्या दशकात मांजरांना शिकवले. ठरावीक लहर आली की दूध आणि कोंबडीचा रस मिळायचा. पुढे अंतराळयानाच्या इंधनाचा विषारी परिणाम तपासताना असे दिसले की, या शिकलेल्या मांजरांना झटके उशिरा येतात. तिथून हा सराव फिट्सच्या माणसांपर्यंत आला, मग चंचल मुलांपर्यंत, आणि मग नैराश्यापर्यंत.

नैराश्याशी त्याचा संबंध असा जोडला गेला. रिचर्ड डेव्हिडसन या संशोधकाने मांडले की, कपाळामागचा डावा भाग माणसाला एखाद्या गोष्टीकडे ओढ वाटायला लावतो आणि उदास माणसात तो भाग सुस्त दिसतो. अल्फा लहर जास्त म्हणजे तो भाग विसावलेला. तेव्हा डावीकडची अल्फा कमी करायला शिकवली तर उदासी हटेल, या विचाराने पीटर रोझेनफेल्ड आणि एल्सा बेअर यांनी १९९० च्या दशकात मोजक्या रुग्णांवर सराव केला. त्यांना सुधारणा दिसली. आज केंद्रांत चालणाऱ्या नैराश्याच्या अनेक कार्यक्रमांच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

इथपर्यंत ऐकले की कुणालाही पटते. आम्हालाही पटले. केंद्रात तिच्या मेंदूचा रंगीत नकाशा काढून 'हे पाहा तुमचे डिप्रेशन' असे दाखवले, तेव्हा तर खात्रीच झाली. पण नंतर आम्ही जे वाचले, त्यात दोन गोष्टी निघाल्या.

पहिली गोष्ट त्या नकाशाची. डाव्या-उजव्या बाजूचा हा फरक सगळ्या उदास माणसांत दिसत नाही, आणि आनंदी माणसांतही दिसू शकतो. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१७ मध्ये जी तपासणी झाली, तिच्यावरून त्या फरकाचा नैराश्याच्या निदानासाठी फारसा उपयोग नाही असे दिसले. नैराश्याचे निदान आजही डॉक्टर रुग्णाशी बोलूनच करतात. रंगीत कागद पाहून घाबरू नये आणि भाळूही नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. समजा दोन बहिणींना खोकला झाला. एकीला मधात आल्याचा रस दिला, दुसरीला नुसता मध. दोघींचा खोकला सारखाच कमी झाला, तर श्रेय आल्याला देता येणार नाही. न्यूरोफीडबॅकची परीक्षाही अशीच करावी लागते. एका गटाला त्याच्या मेंदूच्या योग्य लहरी दाखवायच्या. दुसऱ्या गटाला तीच खुर्ची, त्याच पत्र्या, तोच पडदा, पण दाखवायचे ते दुसरेच काही. कुणाला काय मिळाले ते त्यांना सांगायचे नाही.

ऑस्ट्रियात साल्झबुर्गला झोप न येणाऱ्या रुग्णांवर अशी परीक्षा झाली आणि २०१७ मध्ये तिचा निकाल आला. खऱ्या आणि खोट्या, दोन्ही सरावांनंतर रुग्णांना झोप सुधारल्यासारखी वाटली, आणि ती सारखीच वाटली. यंत्राने मोजलेली झोप मात्र कशानेच सुधारली नव्हती.

नैराश्यावरच्या चांगल्या परीक्षा झाल्या त्या डोक्यावरच्या पत्र्यांनी नव्हे, एमआरआय यंत्रात झोपवून. अमेरिकेत टल्सा शहरात ३६ रुग्णांना आपल्या आयुष्यातल्या चांगल्या आठवणी मनात आणायला सांगितले आणि मेंदूचा एक भाग किती जागा होतो ते पट्टीच्या रूपात दाखवले. १९ जणांना भावनांशी संबंध असलेला अमिग्डाला हा भाग दाखवला, तर १७ जणांना भावनांशी संबंध नसलेला भाग. २०१७ मध्ये आलेला निकाल आशा देणारा होता. पहिल्या गटात १२ जणांचा त्रास निम्म्याहून जास्त उतरला, दुसऱ्या गटात फक्त दोघांचा. पण पुढच्याच वर्षी वेल्समधल्या कार्डिफहून ३२ रुग्णांच्या परीक्षेचा निकाल आला. तिथेही एका गटाला भावनांचे भाग आणि दुसऱ्या गटाला भलतेच भाग दाखवले होते. दोन्ही गटांचा त्रास सुमारे ४३ टक्क्यांनी उतरला. दोघांत फरक नव्हता. शिवाय अमिग्डाला मेंदूत खोलवर असतो. एमआरआयमध्ये तो दिसतो तसा डोक्याच्या कातडीवर लावलेल्या पत्र्यांतून सरळ दिसत नाही. म्हणून टल्साचा निकाल दाखवून गल्लीतल्या केंद्राने आपला कार्यक्रम विकणे बरोबर नाही.

याचा अर्थ सगळे खोटे आहे असा नाही. कार्डिफचे रुग्ण खरोखर सुधारले होते. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणे, कुणीतरी नीट विचारपूस करणे, आपल्या हातात काही आहे असे वाटणे आणि मन एका जागी धरण्याचा सराव, यांतल्या कशाने ते सुधारले हे वेगळे काढता येत नाही. पण त्या ठरावीक लहरीनेच गुण आला असे म्हणायला आज पुरेसा आधार नाही. आणि म्हणूनच या सरावाच्या भरवशावर सिद्ध झालेले औषध सोडणे, हा फार मोठा धोका आहे.

आमच्या घरात तेच झाले. सहाव्या-सातव्या सेशनला ती म्हणाली की बरे वाटते आहे. केंद्रातल्या माणसाने सांगितले की लहरी छान आल्या आहेत, आता गोळ्या बंद करून पाहायला हरकत नाही. तो डॉक्टर नव्हता. तिने त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या, आणि आम्ही फोनवरून तिचे अभिनंदन केले. ही चूक आमचीही आहे.

आठवड्याभरात चक्कर येऊ लागली, झोप पुन्हा पहाटे तीनला मोडू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिने केस विंचरणे सोडले. पडद्यावरचा समुद्र उजळत होता, केंद्रातला कागद सुधारणा दाखवत होता, आणि इकडे ती विझत होती. ते ओळखले तिच्या बहिणीने. एका रात्री भावजय म्हणाली, "मुलं तुझ्याकडे चांगली राहतील. मी नसले तरी चालेल." बहिणीने तौबा कर म्हणून तोंड दाबले नाही, गुनाहची आठवण करून दिली नाही. तिने सरळ विचारले, "जीव द्यायचं मनात येतं का?" ती हो म्हणाली. बहीण रात्रभर तिच्या शेजारी बसून राहिली आणि सकाळी तिला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेली.

असे विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उलट, इतके दिवस एकटीने वाहिलेले ओझे खाली ठेवायला जागा मिळते, हे त्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नंतर समजावले. बर्गर यांच्या बहिणीची गोष्ट आम्ही वाचली तेव्हा मुंब्र्याची ही रात्र आम्हाला आठवली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. सुस्ती न आणणारी दुसरी गोळी दिली, काही दिवस दर आठवड्याला बोलावले, आणि एका मानसशास्त्रज्ञाशी बोलण्याच्या बैठका लावून दिल्या. जो प्रश्न ती आम्हाला विचारत होती तो त्यांनी स्वतःहून काढला. जन्मभर नाही, पूर्ण बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने, आणि मग आम्ही सांगू तशी हळूहळू कमी करायची. एवढे एक वाक्य आधी कानावर पडले असते तर बरेच टळले असते.

केंद्रातल्या तीस सेशनचे पैसे आगाऊ भरले होते. चौदा झाली. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसे छापले होते.

पुढे ती सावरल्यावर आम्ही तिला विचारले, त्या यंत्राचा काहीच उपयोग झाला नाही का? ती जरा थांबून म्हणाली, "झाला. चित्र उजळलं की वाटायचं, माझं डोकं अजून माझं ऐकतं. तेवढं वाटणंसुद्धा तेव्हा खूप होतं. पण गोळी बंद करायला नको होती." आम्हाला वाटते, या विषयावर याहून नेमके कुणी बोलले नसेल.

तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली त्यांना आमचे सांगणे असे. आधी मानसोपचारतज्ज्ञाकडून निदान करून घ्या. गोळ्या, बोलण्याचा उपचार आणि नियमित चालणे-व्यायाम यांना नैराश्यात भक्कम आधार आहे. सुरुवात तिथून करा. गोळीचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरा. एका गोळीचा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या गोळ्या असतात. रमजानमध्ये गोळीची वेळ सेहरी किंवा इफ्तारला कशी आणायची तेही त्यांनाच आधी विचारा, मनाने बदलू नका. आजार फारच वाढला आणि डॉक्टरांनी शॉकचा उपचार सुचवला, तर नाव ऐकून पळू नका. तो आता भूल देऊन करतात आणि तीव्र नैराश्यात त्याचा गुण येतो.

हे सगळे चालू ठेवून, जोडीला, ज्यांना परवडते त्यांनी न्यूरोफीडबॅक करून पाहायला हरकत नाही. आपल्या देशात बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर या पद्धतीचा अभ्यास झाला आहे. पण केंद्रात पाऊल टाकण्याआधी विचारा. उपचार करणारी व्यक्ती कोण? चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? आमच्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का? पैसे दर सेशनला घ्याल का? सुरुवातीला आणि दर काही सेशननंतर त्रास मोजाल का, आणि तो लहरींवरून नाही तर झोप, भूक आणि मन यांच्या प्रश्नांवरून मोजाल का? फिट्सचा आजार असेल तर तो आधी सांगा. आणि 'गोळ्या सोडा' हे शब्द ऐकू आले की तिथून उठा.

ज्यांना परवडत नाही त्यांनी मन लहान करू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो आणि तिथे औषधे मिळतात. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. घरात कुणी 'मी नसले तरी चालेल' असे म्हणाले तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. भारतात मानसिक आजाराच्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांसाठी हे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले होते. त्या आकड्यात आपल्याही मोहल्ल्यातली घरे आहेत.

भाऊ गेल्या महिन्यात दोन महिन्यांच्या सुटीवर आला. असरनंतर दोघे मुलांना घेऊन जेटीपर्यंत चालत जातात. अंधार पडायच्या आत परत येतात. ती गोळी घेते, बोलण्याच्या बैठकीलाही महिन्यातून एकदा जाते. फजरला ती रोज उठतेच असे नाही, आणि अम्मी आता त्यावर काही बोलत नाहीत.

भावाच्या मनात पाटलीची बोच होती. तो सराफाकडे जाऊन तशीच पाटली पाहून आला आणि घरी येऊन वजन सांगू लागला. भावजय म्हणाली, "पाटली राहू दे. त्या पैशांचं तिकीट काढ, आणि दोन वर्षांनी नको, सहा महिन्यांनी ये."

काहीही चालेल असे ती म्हणाली नाही. तिला काय हवे ते तिने सांगितले. अलहम्दुलिल्लाह.